दर शंभर ग्रॅममध्ये

बाहेर उणे चोवीस, फ्रीझरमध्ये उणे वीस.
तुइरातल्या आमच्या दुकानात जानेवारीत
आइस्क्रीमचा कप्पा हीच काय ती उबदार जागा,
असं मी नव्या पोरांना सांगते. ती हसत नाहीत.
ओउलुत हा विनोद सगळ्यांच्या आजोबांनी केलेला असतो.

अकरा वर्षं मी हे डबे लावतेय.
चित्र पुढे, तक्ता मागे.
वाचायचं तर डबा फिरवावा लागतो,
आणि फिरवणारी माणसं मोजकी.
इर्मेली त्यातली. गळ्यात दोरीला भिंग.
ऊर्जा, मेद, त्यातला संपृक्त किती,
कर्बोदकं, त्यातली साखर किती,
प्रथिनं नावापुरती, मीठ सगळ्यात खाली.
ओठ हलवत वाचायची, मग मान हलवायची
आणि डबा होता तिथेच ठेवायची, पण उलटा,
तक्ता जगाच्या तोंडावर करून.
मागे एस्को, टोपलीत गाजरं,
अंगठे धरून उभा केलेल्या पोरासारखा.

एकदा मला म्हणाली, "इ चारशे एक्काहत्तर
माझ्या घराचा उंबरा ओलांडणार नाही."
एकदा म्हणाली, "अर्धी तर हवाच आहे यात, पोरी.
लीटरवर विकता, कारण किलोवर विकायची लाज वाटते."
खरंच होतं ते.
ती गेल्यावर मी डबे सुलटे केले.

यंदा एस्को एकटा आला.
भिंग त्याच्या गळ्यात.
मला वाटलं, सुटला म्हातारा.
तर हा एकेक डबा फिरवतोय,
हलकं, बिनसाखरेचं, प्रथिनयुक्त
सगळं कोपराने बाजूला सारतोय.
मग दोन डबे घेऊन थेट भाजीच्या काट्याकडे.
बटाट्याचं बटण दाबलं.
लीटरचा डबा: पाचशे दहा ग्रॅम.
अर्ध्या लीटरचा: चारशे चाळीस.
"हा," तो म्हणाला, "हा हवा विकत नाही.
शंभर ग्रॅमला दोनशे बासष्ट कॅलरी. मेद सतरा.
याहून जास्त आहे का काही?"

अकरा वर्षांत
हा प्रश्न मी ऐकला नव्हता.

मग काट्याच्या आकड्याकडेच बघत सांगितलं त्याने.
इस्पितळातली आहारतज्ज्ञ, पंचविशीची, एका कानात तीन बाळ्या,
म्हणाली, आता काहीही, जे आत टिकेल ते,
जितकं जास्त तितकं बरं.
इर्मेलीची तब्येत तोळामासा,
गार असेल तरच घशाखाली चमचा जातो.
"आधी तक्ता वाचून दाखवायला लावते," एस्को म्हणाला.
"मेद सतरा म्हटलं की डोळे वटारते.
मग तोंड उघडते."

आम्ही दोघांनी मिळून गोदाम धुंडाळलं.
तळाशी एक खोकं होतं पिस्त्याचं, दोनशे ऐंशीवालं,
खपत नाही म्हणून परत पाठवायचं.
मी ते पाठवलं नाही.
फेब्रुवारीत तो सहा वेळा आला.
मार्चमध्ये दोनदा.

ऑगस्टमध्ये गल्ल्यावर माझ्या नावाने एक डबा.
पिस्त्याचा, धुतलेला, आत दलदलीतल्या केशरी बेरी
(त्या कुठे मिळतात, हे इथे सख्ख्या भावालाही सांगत नाहीत).
मागचा तक्ता शाबूत,
आणि त्याच्या शेजारच्या कोऱ्या पट्टीत
बॉलपेनने, तारखा घालून:
चार चमचे. चार. तीन.
पाच, खाली दोन रेघा.
तीन. दीड.
एक, नुसता चाटून.
पट्टी अजून बरीच उरलेली.

बेरी मी भांड्यात काढल्या.
दुकान बंद व्हायच्या वेळी, आसपास कुणी नाही बघून,
रिकामा डबा भाजीच्या काट्यावर ठेवला.
अठरा ग्रॅम.
काट्याने विचारलं,
कोणती भाजी?